ग्रेटाला पाचपैकी एक

कोच व्हायचा माझा अजिबात विचार नव्हता. पालकांच्या सभेत "यंदा कोण होतंय?" असं विचारल्यावर बाकीचे आपापले बूट न्याहाळू लागले. मी उशिरा पोचलो होतो, त्यामुळे माझं बूट बघायचं राहून गेलं.

ओहायोतल्या आमच्या गावात दहा वर्षांच्या मुलींच्या फुटबॉल टीम निवडून करतात. प्रत्येकीला पाचपैकी गुण मिळतात आणि मग कोच आळीपाळीने मुली उचलतात. कोचची मुलगी त्याच्याच टीममध्ये जाते आणि तिला गुणही त्यानेच द्यायचे असतात. (मेख इथे आहे.) तिला पाच दिले, तर तीच तुमची पहिली निवड धरतात. एक दिला, तर शेवटची.

माझी ग्रेटा सरळसरळ तीनची. मी एक लिहिला. पाच गुणांची ब्रिन माझ्या पदरात पडली आणि मी शीळ घालत घरी आलो.

"तो गुणांचा कागद तेवढा फाडून टाक, डेल," बायको म्हणाली.

मी तो फाडला नाही. पहिल्याच सरावाला तो बाकावर विसरलो. (दहा वर्षांच्या मुलींना वाचता येतं, हेही विसरलो.)

त्या दिवसापासून ग्रेटाकडे चेंडू यायचा बंद झाला. दोनवाल्या तीनवालींना देत, तीनवाल्या चारवालींना, आणि सगळ्या मिळून ब्रिनला. ब्रिन कोणालाच देत नसे. आम्ही ओळीने सहा सामने हरलो.

"ब्रिन, ग्रेटा मोकळी होती ना?"

"पण ती एक आहे, कोच. तुम्हीच लिहिलंय."

तिथेच सगळ्यांसमोर खरं सांगायला हवं होतं. मी संत्र्याच्या फोडी वाटल्या.

शेवटच्या सामन्यात ग्रेटा रिकाम्या गोलसमोर हात वर करून उभी होती. ब्रिनने समोरच्या टीममधल्या चौघींना एकटीने चकवलं आणि पाचवीकडे चेंडू गमावला. ग्रेटाचा हात बराच वेळ वरच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीत मी एकदाचं सांगितलं. "तू तीन आहेस, ग्रेटा. मला ब्रिन हवी होती म्हणून मी एक लिहिला."

"मला वाटलं, तुला खरंच मी एक वाटते," ती म्हणाली. "हे त्याहून वाईट आहे, डॅड."

पुढच्या हंगामाच्या अर्जात 'विशेष विनंती'समोर तिने लिहिलं, 'डॅड सोडून कोणीही.' खाली सही बायकोची.

टीम ठरवणाऱ्या वेंडलचा फोन आला. "चांगली बातमी आहे, डेल. मुलगी टीममध्ये नाही, म्हणजे तुझ्या सगळ्या निवडी मोकळ्या. पहिली कोण हवी?"

"ग्रेटा," मी म्हणालो.

"तिने नको म्हणून लिहून दिलंय. आणि एकवालीला पहिली कोण उचलतं, येड्या?"