कावळ्याला कबूल केलेले टायर

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढले, भटजी घड्याळाकडे बघू लागले. महिपतींचा धाकटा भाऊ अभिमन्यू हात जोडून म्हणाला, "दादा, वैनीला सांभाळतो." कावळा ढिम्म. "माढ्याचं रान इकत न्हाय." कावळ्याने पंख खाजवले. शेवटी अनवाणी पाय भाजू लागले तसा अभिमन्यू ओरडला, "तुमच्या सायकलला नवे टायर टाकतो की!"

आणि कावळा झेपावला.

रेश्माला तेव्हा हसू आले होते. ते तिने ओढणीत दाबले. आता येत नव्हते. बाबांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली बारीक चाकांची रेसची सायकल जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये भिंतीला टेकून होती, आणि आई, सोजरबाई, झोपत नव्हती.

"शब्द दिलाय. टायर पडल्याबिगर त्यांचा जीव सुटायचा न्हाय."

रविवारी तिघे सायकल घेऊन शिवप्पाच्या दुकानात गेले. बाबा तिथेच जात.

"कसले देऊ?" शिवप्पाने विचारले. "पळणारे, आरामाचे, का काट्याला दाद न देणारे?"

तिघांनी एकमेकांकडे बघितले. हे कावळ्याशी ठरलेच नव्हते.

"तिन्ही एकात द्या की," अभिमन्यू म्हणाला.

"तसं नसतंय ओ. पातळ टायर पळतो लई, पण बाभळीचा काटा लागला की बसला. जाडाला काटा लागत न्हाई, पण तो चालवायला जड. रुंद घेतला तर कंबरेला आराम."

"दादाला पळायची हौस."

"आन् कंबर कोण शेकत हुतं? मीच की! आरामाचेच घ्या."

"आता कंबर कुठाय, वैनी," अभिमन्यू बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

शब्द त्याचा, म्हणून पळणारे टायर चढले. सायकल हाताने ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, तोच पुढच्या चाकात काटा घुसला.

"बगा. पटलं न्हाय त्यांना," सोजरबाई म्हणाल्या.

परत आले. रुंद टायर चढवला, तो सांगाड्याला घासून फिरेना. मग काट्याला न भिणारे चढवले. चाक झकास फिरले. इतक्यात दुकानाच्या पत्र्यावर कावळा ओरडला.

"काडा ते," सोजरबाई म्हणाल्या.

रेश्मा स्टुलावर बसून होती. बाबा आजारी पडल्यापासून ती अशीच बसत आली होती; आधी दवाखान्यात, मग बँकेत. तिने थकून विचारले, "बाबांनी कुठले सांगितले होते?"

"महिपतरावांनी? कुठलेच न्हाई. दर रविवारी यायचे, तिन्ही टायर दाबून बघायचे, दोन चहा प्यायचे. 'पुढच्या रविवारी ठरवू' म्हणायचे अन् जायचे."

"मला तर म्हणायचे, टायरचं लई महत्त्वाचं काम हाय!" सोजरबाई पुढे सरकल्या. "कुठं बसायचे?"

शिवप्पाने रेश्माच्या स्टुलाकडे बोट दाखवले. रेश्मा उठली. सोजरबाई बसल्या. चहा आला.

"लई ग्वाड हाय."

"त्यांचा असाच असायचा."

"साखरेचा? घरी तर बिनसाखरेचा प्यायचे, तोंड वाकडं करून!"

सोजरबाईंनी कप रिकामा केला आणि आणखी एक मागवला. मग तिन्ही टायर मांडीवर घेऊन अंगठ्याने दाबत बसल्या. कितीतरी वेळ. शेवटी पदर सावरून उठल्या.

"आज न्हाय ठरत. जुनेच चढवा. पुढच्या रविवारी बगू."

"आवो वैनी!" अभिमन्यू कळवळला. "कावळ्याला शब्द दिलाय त्याचं काय?"

रेश्माने सायकलचे हँडल धरले.

"तारीख कुठं दिलीय, काका?"