बाबांच्या हातच्या बाटल्या

भांडी घासावीत ती सासरेबुवांनीच! निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं ठाम मत होतं. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरातलं सिंक त्यांनी ताब्यात घेतलं होतं. साबणाची पावडर सढळ हाताने, पाणी मात्र जेमतेम एकदा. नळ जरा जास्त सुटला की त्यांचा जीव खालीवर होई.

सूनबाई प्रयोगशाळेत संशोधक. तिने एक रसायन बनवलं होतं. साबणातलं, खतातलं फॉस्फेट पाण्यात उतरलेलं असलं, की एका थेंबाने ते पाणी जांभळ्या दिव्याखाली हिरवंगार चमके. शुद्ध पाणी काळोखातच राही. आज ते समितीला दाखवायचं होतं. जमलं तर काम पुढे चालू, नाहीतर नोकरी गेली! कालपासून पोरीला घास गिळवेना, आणि ते सासरेबुवांना बघवेना. म्हणून तिने धुऊन ठेवलेल्या बाटल्या त्यांनी गुपचूप पुन्हा एकदा घासल्या, आणि पिशवी उचलायला म्हणून तिच्याबरोबर गेलेही.

"हे तळ्याचं पाणी, तळ्यावरच वेगळ्या बाटलीत भरलेलं," सूनबाई समितीपुढे थेंब टाकत म्हणाली. चमकलं! "आणि हे शुद्ध पाणी. हे मुळीच चमकणार नाही."

ते तळ्याच्या दुप्पट चमकलं!

दुसरी बाटली, तेच. तिसरी, तेच! सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्षबाई चष्मा पुसू लागल्या. एवढ्यात मागून टाळ्या!

"वा! काय चमकतायत!"

"बाबा, चमकायला नको होत्या हो!"

"का नको? काल मी स्वतः घासल्यात. मूठभर पावडर घालून!"

"आणि किती पाण्यानं धुतल्या?"

"पाणी कशाला वाया घालवायचं?"

सूनबाईने कपाळावर हात मारला. मग एकदम धावत जाऊन कपाटातली कोरी बाटली आणली. तेच शुद्ध पाणी, तोच थेंब. मिट्ट काळोख!

"अहो, म्हणजे न दिसणारा साबणसुद्धा पकडला की यानं!" अध्यक्षबाई म्हणाल्या. काम पुढे चालू ठेवायला मंजुरी मिळाली. सूनबाईला रडू फुटलं, आणि सासरेबुवांनीही हळूच नाक पुसलं.

निघताना अध्यक्षबाईंनी सूनबाईला बाजूला घेतलं. "पुढच्या वेळीही दूषित नमुने लागतील. बाटल्या यांच्याकडूनच धुऊन आणा."

सासरेबुवांना त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू गेलं. तेव्हापासून ते अख्ख्या गल्लीला सांगत सुटलेत, "समितीला माझ्याच हातच्या बाटल्या हव्यात!" सूनबाई नुसती मान डोलावते.