हिरव्या मिठाने दाढीत तळ दिला त्याची हकीकत

सकल कारखानदार, कारकून, कामगार आणि त्यांचे घरची मंडळी यांसी विदित व्हावे की, नळांस मुलामा चढविणारे कारखान्यात हिरव्या मिठाशी जे युद्ध जाहले त्याविषयी लोक मनास येईल ते बोलतात, कोणी म्हणतो मास्तर हरले, कोणी म्हणतो मास्तर घाबरले, आणि बोलणारांपैकी निम्मे त्या दिवशी रजेवर होते. सबब जे घडले तेच, तिखटमीठ न लावता, येथे लिहिले आहे.

कारखान्याचे मागील अंगास मुलाम्याचा हौद, आणि त्या हौदाचे अधिपती मास्तर. वय छप्पन्न, हौदाची चाकरी एकतीस साल, आणि दाढी ऐसी की सदऱ्याचे दुसरे बटण तिचे अमलाखाली. हौदात निकेल सल्फेट पडे, त्यास कारखान्यात हिरवे मीठ म्हणत. पंचवीस किलोंची गोणी, आत हिरवे चकचकीत खडे, तळाशी बारीक भुकटी, दिसण्यात देखणे आणि स्वभावाने हरामखोर. भुकटी श्वासावाटे छातीत शिरली तर दमा जडवी, वर्षानुवर्षे शिरत राहिली तर कर्करोगापर्यंत मजल मारी, आणि कातडीस लागत राहिली तर कोणाकोणाचे अंगी ऐसी खाज भरवी की ती खोड जन्माची होऊन बसे. हे सर्व गोणीवर छापलेले होते. परंतु मास्तर गोणी उलटी धरून ओतीत, त्यामुळे वाचण्याचा योग एकतीस सालांत आला नाही.

ओतण्याची त्यांची रीत खाशी होती. गोणी खांद्यावर घ्यावी, तोंड फाडावे, आणि उंचावरून एका दमात हौदात रिकामी करावी, मग हिरवा धुरळा उठे, आणि त्या धुरळ्यात मास्तर छाती काढून उभे राहत, आणि मग सांडलेले मीठ कोरड्या झाडूने लोटून धुरळा दुसऱ्यांदा उठवीत. सकाळी खोकला येई, त्यास ते हवापालट म्हणत. अंगावर पुरळ कधी उठले नाही, याचा त्यांस मोठा गर्व होता.

ऐशास घरचे वर्तमान वेगळे होते. मास्तरांचे कुटुंब शिवणकाम करीत असे. बाईंनी हाताने केलेले काज पाहून शिंपी लोकही मान डोलावीत. त्या बाईंचे बोटांस दीड सालापासून पुरळ उठले, मग चिरा पडल्या, मग सुई धरवेना. मास्तरांनी साबणावर संशय धरून चार साबण हद्दपार केले, भांड्यांची पूड बडतर्फ केली, मलमांच्या सहा नळ्या खर्ची पडल्या, आणि गुण कवडीचा आला नाही. शेवटी बाईंनी शिवायला घेतलेले कापड न शिवताच परत पाठविले, आणि ते बांधून देताना त्या कोणाकडे पाहिनात. ते पाहून मास्तर बहुत कष्टी जाहले.

ते समयी कंपनीने सुरक्षेचे कामी एक मॅडम नामजाद करून पाठविल्या. वयाने मास्तरांचे थोरले लेकीएवढ्या, आवाज मऊ, आणि हुकूम कडक. कुटुंबास वैद्याकडे न्यावयाचे म्हणून मास्तर रजेचा अर्ज घेऊन गेले, तेव्हा मॅडमनी अर्ज बाजूस ठेवून विचारिले, "काका, तुमचा एप्रन कोण धुतं?"

"आमची हीच धुते. दुसरं कोण धुणार?"

मॅडमनी लेखणी खाली ठेविली. मग दुसरे दिवशी फर्मान निघाले की, एप्रन कारखान्याचे वेशीबाहेर जाणार नाही, त्याची धुलाई येथेच होईल, आणि मीठ बंद झाकणाचे टाकीत, धुरळा ओढणारा पंखा लावून, थोड्या उंचीवरून हळू सोडून पाण्यात विरघळवावे आणि मगच हौदात घ्यावे, आणि कोरडा झाडू आजपासून कैद, जमीन ओल्या फडक्याने पुसावी, आणि हौदापाशी चहा पिणारास माफी नाही, आणि हातमोजे व मुखवटा घातल्यावाचून गोणीस कोणी शिवू नये. येथवर मास्तर मान हलवीत राहिले. पुढले कलम आले की दाढीवर मुखवटा चपखल बसत नाही, फटीतून भुकटी शिरते, सबब दाढी उतरवावी. तेव्हा मास्तर उभे राहिले.

"मॅडम, एप्रन घ्या, झाडू घ्या, चहा बाहेर पितो. दाढीचा विषय काढू नका. तोवर गोणी दुसरा कोणी ओतेल, मी शेजारी उभा राहून सांगेन."

दाढी अठ्ठावीस सालांची होती आणि मास्तर हट्टास पेटले होते. मॅडमनी मसलत करून तूर्त तह केला.

तहास दोन मास जाहले. वैद्यांनी बाईंचे पाठीवर औषधाच्या चिकटपट्ट्या लावून परीक्षा केली आणि शत्रू निकेलच म्हणून कागद दिला. आता एप्रन घरी येत नव्हता, तरी बोटे भरून येईनात. मास्तरांचे मस्तक फिरले आणि तो कागद घेऊन ते थेट मॅडमच्या खोलीत शिरले.

"तुमचं सगळं ऐकलं. मग हिचे हात का बरे होत नाहीत?"

मॅडमनी वाद घातला नाही. एक बाटली काढिली आणि कापसाच्या काड्या काढिल्या. त्या औषधाची करामत ऐसी की, जेथे निकेलचे मीठ दडले असेल तेथे काडी फिरविताच ती गुलाबी होई. मग झडती सुरू जाहली. मास्तरांचा डबा झाला, काडी पांढरी. चपला झाल्या, किल्ल्या झाल्या, घरी जावयाचा सदरा झाला, सर्व पांढऱ्या, आणि मास्तरांचे मुद्रेवर विजय दिसू लागला. मग मॅडम थोड्या संकोचल्या आणि म्हणाल्या, "काका, रागावू नका," आणि काडी दाढीतून फिरविली.

काडी भर दुपारी गुलाबी जाहली.

मास्तरांनी काडी हाती घेऊन उजेडात धरिली. गोणी ओतायची नाही तरी ती फोडताना उठणाऱ्या धुरळ्यापाशी उभे राहावयाचे, हे एकतीस सालांचे वळण त्यांनी सोडिले नव्हते. मग अगदी हळू बोलले, "रोज संध्याकाळी आमची हीच तेल लावते दाढीला. बोटांनी. लग्न झाल्यापासून."

चार साबण बिचारे निरपराध ठरले. बाहेरचा शत्रू म्हणून मास्तर जे जे घराबाहेर घालवीत होते ते सर्व फुकट, आणि खरा गनीम ते स्वतः हनुवटीवर बसवून घरी नेत होते. मास्तरांस रडू आले आणि ते त्यांनी लपविले नाही.

मग दाढी प्रथम साबणाने तीन वेळा धुतली, ओली असतानाच कात्रीखाली घेतली, पिशवीत भरून तोंड बांधिले, वर घातक कचऱ्याची चिठ्ठी लाविली, आणि तीवर मास्तरांनी स्वहस्ते सही केली. मग मुखवटा चढवून डोकीवर टोपडे घातले आणि, मुखवट्यास फट असेल तर गोडी जिभेस कळावी म्हणून, आत गोड पाण्याचा फवारा सोडिला.

"गोड लागतंय का?" मॅडमनी विचारिले.

"काहीच लागत नाही."

मुखवटा पास जाहला आणि गोणी पुन्हा मास्तरांचे हाती आली.

घरी जुनी फणी आणि तेलाची बाटली केराचे पिशवीत गेली, उशांचे अभ्रे बदलले. सहावे आठवड्यात चिरा मिटल्या. सातवे आठवड्यात बाईंनी सुईत दोरा ओवून एक काज केले, उसवले, आणि पुन्हा केले, पहिले नीट होते तरीही. त्या संध्याकाळी त्यांचा हात मास्तरांच्या तोंडाकडे गेला, आणि मास्तर चटका बसावा तसे मागे सरले.

"नको. हात लावू नकोस."

"आता काय राहिलंय त्यात," बाई म्हणाल्या, आणि उघड्या तळव्याने त्यांनी त्यांची हनुवटी धरिली. "अहो, केवढीशी आहे ही. उगाच एवढी वर्षं घाबरले मी तुम्हाला."

येणेप्रमाणे हिरव्या मिठावर फत्ते जाहली, ती दफ्तरी रुजू केली असे. हौद कायम, मास्तर कायम. बाईंचे हात कामास लागले, मात्र त्यांचे कातडीस शत्रूची ओळख जन्माची राहिली, सबब पहारा कधीही उठवू नये. आपले पक्षी एक दाढी कामी आली. बाकी मंडळी सुखरूप.