सासूबाईंच्या फोनचा नवा मुकादम

"फोन कधी म्हातारा होत नाही! म्हातारा होतो तो त्याच्या पोटातला मुकादम!"

चष्मेवाल्यांनी हे वाक्य चहाच्या टेबलावर अशा थाटात टाकले, की त्यांच्या बायकोने साखरेचा डबा जरा आपल्याकडे ओढून घेतला. नवरा या थाटात बोलू लागला की घरातली एखादी चालती वस्तू बंद पडते, हा तिचा अनुभव होता. मागच्या वेळी इस्त्री होती. त्या आधी पाण्याची मोटर.

"फोनला कसला आलाय मुकादम?" तिने विचारले.

"कर्नेल म्हणतात त्याला. वर सगळी अ‍ॅप्स हुकूम सोडत असतात, खाली यंत्र राबत असतं. मधे उभा राहून याला पळव, त्याला थांबव, हे करतो तो कर्नेल. कंपनी काय करते, सगळ्या फोनांना एकच सरकारी छापाचा मुकादम देते. सावकाश उठणारा, जांभया देणारा. आपण त्याला घरी बसवायचं आणि दुसरा नेमायचा. तरणाबांड! जगभरातले हौशी लोक असे मुकादम तयार करून फुकट वाटतात."

"आणि तुम्ही ते आईच्या फोनवर करणार?"

"उद्या दुपारी. त्यांची झोप होईपर्यंत फोन घोड्यासारखा धावेल!"

चष्मेवाले हे काही संगणकाचे पदवीधर नव्हते. बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात ते काचा घासून बसवत. पण मुंगीच्या डोळ्याएवढा स्क्रू चिमट्याने उचलून फ्रेममध्ये बसवणाऱ्या माणसाला, जगातली कुठलीही बारीक गोष्ट आपल्याला जमणारच असे वाटू लागते. दुकानात ते वाटणे फ्रेमपुरते राही. घरी त्याला कुंपण नव्हते.

आता सासूबाईंच्या फोनची एवढी काळजी त्यांना का पडावी, हे सांगायला हवे.

सासूबाईंना दोन मुली, म्हणून दोन जावई. सासरे गेल्यावर त्या काही दिवस थोरलीकडे राहिल्या, मग काही दिवस धाकटीकडे, म्हणजे चष्मेवाल्यांकडे. कायमचे कुठे राहायचे ते येत्या रविवारी सगळ्यांसमोर सांगते, असे त्यांनी जाहीर केले होते. दोन्ही जावई तोंडाने "आमच्याकडेच राहा" म्हणत होते, आणि मनातून दोघांनाही ते नको होते. चष्मेवाल्यांच्या घरात मागची एक छोटी खोली होती. तिथे त्यांचे टेबल होते, भिंग होते, चिमटे होते, उघडी पडलेली घड्याळे होती. जगात एवढीच जागा अशी होती, जिथे त्यांना कोणी "हे इथून उचला" म्हणत नसे. सध्या त्या खोलीत सासूबाईंची खाट होती, आणि टेबल कपाटाआड उभे करून ठेवले होते, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे.

तेव्हा चष्मेवाल्यांचा हिशेब सरळ होता. आपण फोन दुरुस्त करायचा, उपकार आपल्या नावावर लागला पाहिजे. मग सासूबाई खुशीत थोरलीकडे गेल्या, तरी "धाकट्याने हाकलले" असे कोणी म्हणणार नाही!

सासूबाईंना कमी ऐकू येई. कानात यंत्रे होती, आणि ती फोनला जोडलेली होती. फोन बोलणाऱ्याजवळ ठेवायचा, त्यावरचे 'ऐका' बटण दाबायचे, की आवाज थेट कानात. पण फोन इतका जुना, की आवाज वाटेत कुठेतरी चहा पिऊन यायचा. टीव्हीवर खलनायक गोळी खाऊन पडायचा, त्याला उचलून नेले जायचे, आणि मग त्याची धमकी सासूबाईंच्या कानात पोचायची. विनोदावर त्या हसत, पण तेव्हा बातम्यांत पूर दाखवत असत.

या उशिराची घरातल्यांना अशी सवय झाली होती, की तिचे एक तंत्रच बनले होते. सासूबाईंच्या तोंडावर काहीही बोलावे आणि खोलीतून निघून जावे. शब्द पोचेपर्यंत समोर दुसराच कोणी उभा असे. एकदा चष्मेवाले "या खाटेने माझी खोली खाल्ली" असे पुटपुटून बाहेर पडले, आणि त्याबद्दल पोस्टमनला बोलणी बसली.

तर शनिवारी दुपारी सासूबाई आडव्या झाल्या आणि चष्मेवाल्यांनी फोन संगणकाला जोडला. फोटो वगैरे आधीच काढून ठेवले, एवढी अक्कल त्यांना होती. मग फोनचे कुलूप तोडले. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली, की यापुढे जे होईल त्याला आम्ही जबाबदार नाही.

"वाचलंत का?" बायकोने खांद्यावरून डोकावून विचारले.

"ती घाबरटांसाठी असते."

पहिला मुकादम चढवला. फोन सुरू झाला, पण डावीकडे बोट लावले की उजवीकडचे काहीतरी उघडू लागले. वर दाबावे तर खाली! मुकादम शेजारच्या मॉडेलचा होता, त्याला या घरातल्या डाव्याउजव्याची माहिती नव्हती. फोटो बघायला म्हणून चष्मेवाल्यांनी बोट लावले आणि थोरल्या साडूंना फोन लागला.

"बोला आई!" पलीकडून गडगडाट झाला. साडू मोटार चालवायला शिकवत. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नसे.

"आई नाही, मी."

"साडूभाऊ! आईंच्या फोनवरून? आई बऱ्या आहेत ना?"

"झोपल्यायत. मी जरा त्यांचा फोन वेगवान करतोय."

"कशाला? मी उद्या नवा कोरा फोन आणतोय की त्यांना!"

चष्मेवाल्यांच्या अंगातून कळ गेली. नवा फोन! म्हणजे उपकार साडूंच्या नावावर आणि सासूबाई... सासूबाई आपल्या नावावर! छे! फोन ठेवायला त्यांनी लाल बटण दाबले, तर कॅमेरा चालू होऊन त्यांच्याच घाबऱ्या चेहऱ्याचा फोटो निघाला. शेवटी वायरच उपटली.

दुसरा मुकादम त्यांनी निवडून निवडून काढला. त्याचे नाव 'राक्षस' होते, आणि खाली बनवणाऱ्याने 'फक्त धाडसी लोकांसाठी' असे लिहिले होते. तो चढवल्यावर पडद्यावर कंपनीचे चिन्ह आले. गेले. पुन्हा आले. पुन्हा गेले. चष्मेवाले कपाळाचा घाम पुसत बघत राहिले.

"माझा फोन कुठंय?" मागे सासूबाई उभ्या!

चष्मेवाल्यांनी हातवारे करत मोठ्याने सांगितले, "जागा होतोय!"

"मी उठून, तोंड धुऊन आले. हा अजून जागाच होतोय?"

आणि तेवढ्यात फोन जागा झाला. जागा कसला, खडबडून उठला! चिन्हावर बोट टेकायच्या आत अ‍ॅप उघडू लागले. नुसते बोट जवळ नेले तरी तो तयारीत दिसे. चष्मेवाल्यांची छाती फुगली. राक्षसाबरोबर एक पान आले होते, त्यावर सरकवायच्या पट्ट्या होत्या: वेग, आवाज, माइकची ताकद. अर्ध्यावर ठेवलेली पट्टी बघितली की चष्मेवाल्यांना अर्धाच भरून सोडलेल्या पेल्यासारखी हळहळ वाटे. त्यांनी सगळ्या पट्ट्या टोकाला नेल्या. शिवाय सासूबाईंना सारखे बटण दाबायला नको म्हणून 'ऐका' कायमचे चालू करून ठेवले.

रविवारी थोरली मुलगी आणि साडू आले. साडूंच्या हातात चकचकीत खोके होते.

"ते राहू द्या बाजूला," चष्मेवाले म्हणाले. "आधी हे बघा! आई, मी टाळी वाजवतो, तुम्ही कळलं की हात वर करा."

टाळी आणि हात एकदमच झाले. थोरली "अगं बाई!" म्हणाली. साडूंनी खोके हळूच खुर्चीखाली सरकवले. चष्मेवाल्यांना आयुष्यात प्रथमच वाटले, की आपल्यालाही कोणीतरी हार घालायला हवा होता.

फक्त एक झाले. राक्षस एवढा राबत होता, की फोन तव्यासारखा तापला. सासूबाईंनी "हाय!" करून तो टेबलावर टाकला.

"काही नाही, वारा लागला की गार होईल," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी आपला एक धुतलेला मोजा आणला, फोन त्यात घातला आणि गॅलरीत कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लटकवून दिला.

बायका हॉलमध्ये बसल्या. पाने वाढायला अवकाश होता. दोघे जावई गॅलरीत आले आणि त्यांनी काचेचे दार ओढून घेतले.

"साडूभाऊ," साडू म्हणाले, "आता खरं सांगा. तुमची मागची खोली हवेशीर आहे. आईंना मानवेल ती."

"हवेशीर कसली! तुमचं घर तळमजल्याचं. जिना नाही, काही नाही."

"अहो, पण त्या माझ्या गाडीत बसल्या की ब्रेक मारा, ब्रेक मारा! मी, ज्यानं अर्ध्या गावाला गाडी शिकवली, तो ब्रेक मारत मारत घरी येतो!"

आत काहीतरी आपटल्याचा आवाज आला. पातेले असावे.

"तुमचं रस्त्यावर तरी चालतं," चष्मेवाले कळवळून म्हणाले. "माझं टेबल कपाटामागे उभं आहे हो! घड्याळ उघडायचं तर मी न्हाणीघरात बादली पालथी घालून बसतो. आणि त्या बाहेरून विचारतात, पोट बिघडलंय का!"

आत आणखी एक पातेले पडले. मग कोणीतरी खोकले. की हसले? काचेतून नीट कळेना.

"आज भांडी फार पडतायत," साडू म्हणाले. मग त्यांची नजर दोरीवरच्या मोज्यावर गेली. "अहो, तो फोन इथंच लटकतोय! ऐकू जाईल ना आत!"

चष्मेवाल्यांनी हात झटकला. "त्या फोनचं मला सांगू नका. त्यातून शब्द आईंच्या कानात पडेपर्यंत आपण जेवून, हात धुऊन, पान खाऊन बसलेले असू!"

फोनचा मुकादम बदलला होता. चष्मेवाल्यांच्या डोक्यातला अजून जुनाच होता.

मग मात्र दोघे मोकळे झाले. साडूंनी सुचवले, की वरचेवर अदलाबदल करू. चष्मेवाले म्हणाले, थोरल्याचा मान मोठा, तो त्यांनीच घ्यावा. साडू म्हणाले, नाणेफेक करू. चष्मेवाल्यांनी खिसा चाचपला.

"छापा," शेजारच्या गॅलरीतून नव्हे, तळमजल्यावरून नव्हे, काचेच्या आतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. "आणि नाणं आत येऊन उडवा. आम्हालाही बघू द्या."

दोघे आत आले ते आपल्याच घरात चोरी करताना सापडल्यासारखे. थोरली बहीण साडूंकडे बघत होती. ती नजर ब्रेकशिवायच्या गाडीची होती. चष्मेवाल्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला होता. रागाने की हसू दाबायला, हे ठरवता येत नव्हते आणि विचारायची त्यांची छाती नव्हती. सासूबाई मात्र खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या, चेहरा असा, की नाटकाचा पहिला अंक संपलाय आणि आता दुसरा.

"सगळं पोचलं?" चष्मेवाल्यांनी क्षीण आवाजात विचारले.

"शब्दन् शब्द. ह्यांचे ब्रेक पोचले, तुमची बादली पोचली. मी या दोघींना लगोलग सांगत होते. मधे तुम्ही श्वास घेतलात, तोही पोचला. जावईबापू, काय फोन केलाय तुम्ही! हात आहे हात!"

"आई, तसं नव्हतं..."

"अहो, वाईट कशाला वाटून घेता? मी आज वेगळंच सांगणार होते." त्यांनी पाय पुढे लांबवले. "माझी शाळेतली मैत्रीण आहे ना, तिच्याबरोबर राहायचं ठरलं होतं माझं. दोघींनी जागा बघून ठेवली. तुम्हा दोघांना मोकळं करणार होते मी."

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढून टेबल, भिंग आणि चिमटे एका रांगेत गेले.

"छानच की!" ते घाईघाईने म्हणाले. "मैत्रिणीचा सहवास फार चांगला! केव्हा निघायचंय? मी सामान..."

"नाही हो. विचार बदलला." सासूबाई प्रसन्न हसल्या. "ती बिचारी एकटी, बोलणार काय आणि मी ऐकणार काय? इथं किती ऐकायला मिळतं! इतके दिवस मला वाटायचं, या घरात कोणी बोलतच नाही. मी इथंच राहणार. अगं, त्यांचं टेबल ते गॅलरीत मांडून दे. दोरीखाली."

साडू एवढ्या मोठ्याने "वा! वा!" म्हणाले, की सासूबाईंनी दोन्ही कान धरले. नवे खोके घेऊन ते जेवण होताच निघाले. थोरली गाडीत मागच्या सीटवर बसली.

तेव्हापासून चष्मेवाले गॅलरीत बसून घड्याळे उघडतात. वाऱ्याने स्क्रू उडतात, पण ते काही बोलत नाहीत. स्वतःशीसुद्धा नाही. परवा साडूंचा फोन आला. या वेळी ते चक्क कुजबुजत होते.

"साडूभाऊ, तो जुना मुकादम परत बसवता येत नाही का हो?"

चष्मेवाल्यांनी चारी बाजूंना पाहिले, तोंडावर हात धरला, आणि ओठही न हलवता म्हणाले, "येतो. पण त्याला फोन थोडा वेळ हातात मिळावा लागतो."

"मग मागून घ्या!"

चष्मेवाले उत्तर देणार, तोच आतून आवाज आला,

"देणार नाही म्हणावं! आणि माझा नमस्कार सांगा त्यांना!"