चेकरसाहेब आणि दगडी राक्षस

चेकरसाहेबांना कोणी नमस्कार केला, तर ते "का?" असं विचारतात.

परभणीत ते आमच्या शेजारी राहतात. नोकरीभर एसटीच्या तपासणी पथकात होते. झरी गावाच्या अलीकडे-पलीकडे कुठेही गाडी थांबवून चढायचे आणि तिकिटाआधी माणसाचा चेहरा तपासायचे. निवृत्तीनंतर प्रवासी राहिले नाहीत, संशय तेवढा राहिला. दूधवाल्याने मापावर थोडं जास्त घातलं, तरी ते अस्वस्थ होतात. "फुकट द्यायलाय म्हंजी कायतरी हाय."

माझी बायको सुधा गेल्या वर्षी वारली. आजारपणात तिला पुस्तक धरवत नसे, म्हणून भाचीने टॅबलेटवर एक खेळ घालून दिला होता. पडक्या किल्ल्यातून वाट काढत जायचं. एका दारापाशी गदा घेतलेला दगडी राक्षस उभा असे, आणि सुधा त्याच्यापुढे कधी गेली नाही. चेकरसाहेब विचारपूस करायला आले की ती त्यांनाही खेळायला बसवायची. दोघंही हरायचे आणि राक्षसाला नावं ठेवायचे.

ती गेल्यावर, तेरावा झाला आणि थोड्याच दिवसांत, साहेब दुपारी दारात उभे. टॅबलेट मागितला. "वहिनीचं काम अर्धं ऱ्हायलंय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच येऊ लागले.

आता संशय मला आला. या माणसाला नक्की हवंय काय? मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायचो आणि कान बाहेर ठेवायचो. एकदा तर ते गेल्यावर कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं.

बाहेर त्यांचा तपास चाललेला असे. ते राक्षसावर वार करतच नसत. समोर उभं राहून त्याला न्याहाळायचे, मार खाऊन मरायचे आणि निष्कर्ष मोठ्याने सांगायचे. "सर, ह्यो गदा उचलायच्या आधी डावा खांदा पाडतो. बिनतिकिटवाला उगंच खिसे चाचपतो, तसंच."

राक्षसाचे तीन वार झाले की तो गदा टेकवून धापा टाकायचा. नेमकं तेव्हाच साहेब दोन पावलं मागे यायचे. "दम लागल्याचं नाटक करायलाय. मी न्हाई फसायचा."

हे रोज ऐकून मी वैतागलो. शेवटी बाहेर येऊन म्हणालो, अहो, मारायचं ते तेव्हाच. त्यावर, मला कसं कळलं, आतून कोणी सांगितलं का, अशी माझीच उलटतपासणी झाली. मग मला शेजारी बसवून घेतलं. दुपारच्या दुपार आम्ही वाद घालू लागलो. राक्षस काही मरत नव्हता.

एक दिवस त्यांच्या घरच्या काकू धपाटे घेऊन आल्या. टॅबलेट बघून हसल्या. "तुमच्याकडचा आजून जिताच हाय? ह्यांच्या मोबाइलमधला कवाच मेला. त्या दिवशी जिलबी आणली ह्यांनी. सणासारखी."

दुपारी साहेब आले. मी सरळ विचारलं. त्यांनी नजर चुकवली नाही.

"हितला मारला आसता, तर उद्या काय म्हणून आलो आसतो?"

"असंच यायचं."

"असंच?" त्यांनी मला निरखून पाहिलं. "असंच कोण जातंय कुणाकडं, सर? मला बघितलं की लोक दार लावून घेतेत. वहिनी हाका मारून बोलवायच्या. आन् तुमी तर आतून बाहेरच येईनात."

मी टॅबलेट घेतला. राक्षसाने डावा खांदा पाडला, मी बाजूला झालो. त्याचे तीन वार झाले आणि तो धापा टाकू लागला. साहेबांनी मला अडवलं नाही.

तो पडला आणि त्याच्यामागचं दार उघडलं. आम्ही दोघं त्या दाराकडे बघत बसलो. आत काही गेलो नाही. थोड्या वेळाने साहेबांनी चष्मा पुसला आणि येतो म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक उघडलंच नाही. बऱ्याच वेळाने कडी वाजली. दार उघडलं, पण मी काही विचारलं नाही.

"असंच," ते आपणहून म्हणाले, आणि मी काय म्हणतो याची वाट बघत उंबऱ्याबाहेरच थांबले.

मी त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं.