महाराजांचं चिंतन

एका जंगलात, बाळांनो, पट्टेराव नावाचा म्हातारा वाघ राज्य करायचा. वाघ आपली हद्द कशी आखतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. हसू नका. झाडाशी उभं राहायचं, शेपटी वर करायची आणि एक फवारा. झाली हद्द.

तरुणपणी पट्टेराव चाळीस झाडं न्याहारीच्या आत उरकायचा. आता एकेका झाडापाशी पाव-पाव तास जाई. थेंब येई, थांबे, पुन्हा येई. बिचारा डोळे मिटून, दात आवळून उभा राही.

मागे उभे असलेले दरबारी मात्र भारावून जात.

"श्शू! महाराज चिंतन करताहेत," तरसप्रधान म्हणे. "रात्रीतूनही सहा-सहा वेळा उठतात. केवढी ती प्रजेची काळजी!"

पोपटांनी यावर आरत्यासुद्धा रचल्या. पट्टेरावाला खरं सांगायची लाज वाटे. शिवाय आरत्या आवडूही लागल्या होत्या.

एके सकाळी पहिल्याच झाडापाशी थेंबही येईना. ऊन डोक्यावर आलं. पोट टरटरून फुगलं. वेदनेनं पट्टेरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता आपण इथेच मरणार, असं त्याला वाटलं.

"प्रजेसाठी रडताहेत हो!" दरबार गहिवरला.

तेवढ्यात वाघीण रेवाबाई आली. तिनं एकदाच पाहिलं.

"अहो, कसलं डोंबलाचं चिंतन! तुंबलंय तुमचं. चला वैद्यांकडे."

"अगं, चार लोक काय म्हणतील?"

"चार लोकांना होतंय ना व्यवस्थित? मग त्यांचं काय जातंय म्हणायला!"

बगळेवैद्य तळ्याकाठी बसत. तिथे हत्ती, गवा आणि भालोबा अस्वल अशी म्हातारी मंडळी आधीच माना खाली घालून बसली होती. राजाला पाहताच तिघं एका सुरात म्हणाले, "आम्ही गुडघ्यासाठी आलोय." भालोबा तर उठलाच. "माझा बरा झाला गुडघा," म्हणत तो पाय आवळून झाडीत पळाला.

वैद्यांनी आधी बारीक नळी घालून पट्टेरावाला मोकळं केलं. त्यानं असा सुस्कारा सोडला की तळ्यावर लाटा उठल्या.

"महाराज, वय झालं की मूत्राशयाखालची ग्रंथी वाढते," वैद्य म्हणाले. "बऱ्याच पुरुषांची वाढते. त्यात लाजायचं काय? आधीच बोलला असतात तर एवढं सोसावं लागलं नसतं."

औषध सुरू झालं. महिन्याभरानं पट्टेराव पुन्हा हद्द आखायला निघाला आणि चाळीस झाडं न्याहारीच्या आत उरकून, शीळ घालत घरी परतला. रात्रीही गाढ झोपला.

दरबारात हाहाकार माजला.

"महाराजांनी चिंतन सोडलं!"

"झोपतात म्हणे रात्रभर! प्रजा वाऱ्यावर!"

आठवड्याच्या आत पट्टेरावाला गादीवरून उतरवलं. नव्या राजाच्या शोधात तरसप्रधान रानभर हिंडला. अखेर एका सागाच्या झाडापाशी त्याला कुणीतरी दिसलं. डोळे मिटलेले, दात आवळलेले, अर्धा तास जागचं हललेलं नाही.

"भालोबा महाराज की जय!" तरस ओरडला. पोपटांनी आरतीत फक्त नाव बदललं.

पट्टेरावानं तो जयघोष घरूनच ऐकला. भालोबाची त्याला मनापासून दया आली. मग त्यानं कूस बदलली आणि तो पुन्हा घोरू लागला.

तात्पर्य : मोठेपण टिकवायचं असेल तर आपलं दुखणं कुणालाही सांगू नये. सांगितलंत, तर बरे व्हाल.