खासनिसांचा अष्टमांश

इंग्लंडातल्या एअरफील्डवर नारळ फुटला की काय होतं, हे मला विचारा.

खंडेनवमीची सकाळ होती. नॉटिंगहॅमपासून तासाभरावर आमचा फ्लाइंग क्लब आहे. तिथल्या हँगरसमोर आमचं जुनं फौजी जेट उभं होतं. डॉक्टर खासनिसांनी त्याच्या नाकाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि पुढच्या चाकापाशी काँक्रीटवर नारळ आपटला.

"डॉक्टर! अहो, काय करताय?"

"शस्त्र आहे, शुभदा. आज पूजा करायची नाही तर कधी?"

तेवढ्यात आमचा इंजिनिअर कॉलिन किंचाळतच बाहेर आला. जेटचं इंजिन पुढ्यातलं काहीही आत ओढून घेतं. एक खडा गेला तरी इंजिन खलास. इथे करवंटीचे तुकडे चहूकडे उडालेले आणि झेंडूच्या पाकळ्या वाऱ्यावर. पुढचा तासभर सगळा क्लब, चेअरमन नायजेलसकट, गुडघ्यांवर बसून काँक्रीटवरचे तुकडे वेचत होता. डॉक्टर मात्र शांत.

"नायजेल, मी फक्त माझ्या अष्टमांशाला कुंकू लावलंय. बाकीच्या सात भागांना हातही लावलेला नाही. आणि कॉलिन, ते खोबरं बिनमध्ये नको हं टाकूस, प्रसाद आहे तो."

हे जेट आम्हा आठजणांचं आहे, नायजेलही त्यातलाच. आठातली मी एक कशी झाले, ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. मी बाजारात टेबल मांडून पडदे विकत वर आलेली बाई. माझ्याशी घासाघीस करून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. मंडळाच्या गणपतीत मोदक वाढता वाढता डॉक्टर कानाशी येऊन म्हणाले, "शुभदा, जेट घेतेस? एकाचा हिस्सा निघालाय." मी भाव पाडला, सही केली, घरी येऊन पेढे वाटले. मग कळलं, ज्याला विमान चालवता येत नाही त्याच्या वाट्याला मागची सीट. तीही एखादा पायलट नेईल तेव्हा.

दोन वर्षं मला कुणी नेलं नाही! बाकीचे आपापल्या मित्रांना नेत. आणि डॉक्टर? ते नेत पोस्टवालीला. लायब्ररीतल्या बाईंना. बस स्टॉपवर ओळख झालेल्या एका म्हाताऱ्याला, ज्याचं आडनावही त्यांना ठाऊक नव्हतं. मी भांडले की म्हणायचे, "तू मालकीण आहेस गं. घरच्या माणसाला काय घाई?"

डॉक्टर सरकारी हॉस्पिटलातून भूलतज्ज्ञ म्हणून रिटायर झाले. लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. आमच्याकडे जेवायला आले की निघताना दारात अर्धा तास उभे, एक पाय बुटात, एक मोज्यात. माझे मिस्टर लाइट घालवायचे, तरी हे बोलतच.

नारळानंतर नायजेलने जाहीर केलं, खासनिसांना काढायचं. आमच्या नियमाप्रमाणे एका भागीदाराला काढायला बाकी सगळ्यांची संमती लागते. सहाजण तयार होते. राहिले मी.

"शुब, तू साइन कर, त्याच्या वाट्याचे उन्हाळ्यातले सगळे रविवार तुला. मी स्वतः तुला नेईन," नायजेल म्हणाला.

सौदा चांगला होता. पण एकदा फसल्यावर माल बघितल्याशिवाय मी सौदा करत नाही. सह्यांच्या मीटिंगच्या दिवशी सकाळी डॉक्टरांना गाठलं. "आज मला न्या. नाहीतर दुपारी काय होईल ते होईल." त्यांनी हेल्मेट पुढे केलं.

वर गेलो आणि माझे गाल कानांना जाऊन भिडले. शेतं एका बाजूला उभी राहिली. कानात डॉक्टरांचा आवाज: "आता जरा हलेल हं, घाबरू नकोस. मग, दुकान कसं चाललंय?" दुकान! जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"शुभदा?"

मी गप्प.

"शुभदा, ऐकू येतंय का? काहीतरी बोल. नाव सांग. शुभदा!"

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. नारळाच्या वेळी न हललेला माणूस थरथरत होता. मी कसंबसं म्हटलं, "जिवंत आहे. शिव्या आठवतेय." कानात एक लांब श्वास ऐकू आला.

उतरल्यावर इंजिन बंद झालं, तरी ते पाठमोरे बसूनच राहिले.

"सॉरी. माझ्याशी बोलता बोलता माणूस गप्प झालं की मला आवडत नाही. आयुष्यभर तेच केलं ना. पेशंटना सांगायचो, दहापासून उलटे आकडे मोजा. मुलांचं सांगत असायचे, बागेचं सांगत असायचे. सातपर्यंत यायचे आणि गप्प. जागे झाल्यावर थँक यू सर्जनला. गोष्ट अर्धीच राहायची. मी कुणाला शोधून विचारणार, तुमच्या गुलाबांचं पुढे काय झालं?" मग हसून म्हणाले, "इथे मागचं माणूस उतरेपर्यंत जागं असतं. जा, मीटिंगची वेळ झाली."

मीटिंगमध्ये नायजेलने पेन पुढे केलं. मी म्हटलं, "नो." तो हसला. त्याला वाटलं, मी भाव वाढवतेय. मग मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. कॉलिन मध्येच उठून चहा करायला गेला.

बाहेर डॉक्टर आपल्या गाडीत बसले होते. मी शेजारी बसले. माझा स्वभाव, निकाल एका शब्दात सांगून मोकळं व्हावं. पण सुरुवातीपासून सांगायला घेतलं: नायजेल आधी कसा खाकरला, कोण कुठे बसलं, बिस्किटं कशी मऊ पडली होती. डॉक्टरांनी इंजिन सुरू केलं नाही. काय ठरलं, तेही विचारलं नाही. मी जरा थांबले की ते एवढंच म्हणत, "मग?"